गडाची वर्गणी आणि हिशेबाची वही

१/
गडसंवर्धनासाठी देणगी मागणाऱ्या संस्थेवर विश्वास ठेवावा की नाही, हे कशावरून ठरवावे? हा धागा एका घरातल्या ५१,००० रुपयांचा, एका ढासळत्या बुरुजाचा आणि रायगडाच्या एका जुन्या निधीचा आहे. गडाचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही. असे गड आणि अशी माणसे सह्याद्रीच्या प्रत्येक जिल्ह्यात भेटतील.

२/
आजोबा पौषात गेले. उभा जन्म त्यांनी तालुक्याच्या शाळेत इतिहास शिकवला आणि दर हिवाळ्यात मुलांना एखाद्या किल्ल्यावर नेले. पहिले वर्षश्राद्ध जवळ येऊ लागले तेव्हा आजीने घरात सांगून टाकले, "जेवणावळ नको. त्यांच्या पुस्तकात ५१,००० रुपये आहेत, ते एखाद्या गडाला द्या." मग तिने नातीकडे पाहिले. नात पुण्यात इतिहासाच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. "तू इतिहास शिकतेस ना? मग कुणाला द्यायचे ते तूच बघ."

३/
आषाढातल्या एका संध्याकाळी नातीच्या फोनवर एक चित्र आले. धुक्यात बुडालेला गड, पोट सुटलेला बुरूज, पायथ्याशी कोसळलेले चिरे. खाली मजकूर होता, 'आज हात दिला नाही, तर उद्या दाखवायला बुरूज उरणार नाही.' त्याखाली क्यूआर कोड. हा तोच गड होता, जेथे आजोबांनी तिला पहिल्यांदा बोट धरून चढवले होते. आणि आवाहन करणाऱ्या संस्थेचे संस्थापक आजोबांचे विद्यार्थी होते. गेली अकरा वर्षे दर रविवारी ही मंडळी पदरमोड करून गडावर राबत होती.

४/
पैसे पाठवायला तिला अर्धे मिनिट पुरले असते. बोट पडद्यावर गेलेही होते. रकमेच्या जागी सवयीने तिने आधी १ रुपया टाकला आणि पैसे जाण्यापूर्वी फोनवर खातेदाराचे नाव उमटले. ते संस्थेचे नव्हते, संस्थापकांचे स्वतःचे होते. तिने फोन खाली ठेवला. त्या रात्री तिला झोप लागली नाही. काकांविषयी संशय आला म्हणून नव्हे, तर संशय आल्याची लाज वाटली म्हणून.

५/
त्याच आठवड्यात तिच्या वर्गात साधन-चिकित्सेचा पाठ चालू होता. इतिहासाचा विद्यार्थी कागदाला दोन प्रकारचे प्रश्न विचारतो. कागद अस्सल आहे का, कोणी, कधी, कोठे लिहिला, हे बाह्य परीक्षण. कागद अस्सल असेल तर तो जे सांगतो ते खरे कितपत, हे अंतर्गत परीक्षण. हे प्रश्न बखरीला विचारताना कोणाला बखरकाराचा अपमान वाटत नाही. मग देणगीच्या पावतीला ते विचारताना संकोच का वाटावा? उत्तरासाठी तिने प्रथम रायगडाची हकीकत काढली.

६/
१८८३ साली जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने मुंबई इलाख्यावरच्या आपल्या पुस्तकात रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या दुरवस्थेबद्दल खंत व्यक्त केली. वसईचे गोविंद बाबाजी जोशी यांनी १८८५ साली रायगड प्रत्यक्ष पाहिला आणि पुढे त्याचे वर्णन पुस्तकरूपाने लोकांपुढे ठेवले. लोकांत चुळबूळ सुरू झाली. सरकारने समाधीच्या देखभालीसाठी मंजूर केलेली रक्कम होती वर्षाला ५ रुपये.

७/
१८९५ साली पुण्यातील हिराबागेत सभा भरली. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून हाक दिली, स्मारकासाठी मंडळ स्थापन झाले आणि वर्गणी जमू लागली. १८९६च्या एप्रिलमध्ये रायगडावर पहिला उत्सव झाला. स्मारकासाठी सामान्य माणसाने वर्गणी द्यावी, मंडळाने ती सांभाळावी आणि वृत्तपत्राने तिचा गाजावाजा करावा, हे आजच्या गडसंवर्धनाच्या आवाहनाचे सारे रूप तेथे दिसते.

८/
पुढे काय झाले? निधी डेक्कन बँकेत ठेवलेला होता. ती बँक बुडाली आणि तिच्याबरोबर निधीही गेला. समाधीचा जीर्णोद्धार व्हायला १९२०चे दशक उजाडावे लागले आणि त्यासाठी नव्याने वर्गणी जमवावी लागली. सरकारी रकमेचीही जोड लागली. जीर्णोद्धाराचे श्रेय कोणाचे, यावर आजही वाद झडतात. त्या वादात न शिरता येथे केवळ पैशाचा प्रवास पाहायचा आहे.

९/
या प्रवासाचा अर्थ एवढाच की पैसा बुडायला कोणी चोर असावा लागत नाही. देणाऱ्याची श्रद्धा आणि मागणाऱ्याची तळमळ खरी असली, तरी पैसा कोठे ठेवला आहे, या एका प्रश्नावर सारे अडू शकते. 'माणूस प्रामाणिक आहे का' आणि 'व्यवस्था भरवशाची आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले की आपण दुसरा विचारायचे विसरतो. नातीने ठरवले, पहिला प्रश्न बाजूला ठेवायचा आणि दुसरा चार तुकड्यांत विचारायचा.

१०/
तुकडा पहिला : संस्था कायद्याने कोण आहे?
महाराष्ट्रात अशा संस्था सहसा १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या असतात. न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते. तेथील नोंदवहीच्या उताऱ्यात विश्वस्तांची नावे, उद्देश आणि मालमत्ता असते आणि अर्ज करून तिची नक्कल मिळते. नोंदणी नसलेल्या मंडळालाही वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळांना हे चांगले ठाऊक असते.

११/
या संस्थेचा नोंदणी क्रमांक खरा निघाला. उताऱ्यात सात विश्वस्त होते. त्यांतले एक चार वर्षांपूर्वी वारले होते आणि दोघे गाव सोडून गेले होते. तरी कागदावर तिघेही कारभार पाहत होते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत तसे कळवायचे असते. कार्यालयात या अर्जाला सर्वजण चेंज रिपोर्टच म्हणतात. तो कोणी दिला नव्हता. हा घोटाळा नव्हे, आळस आहे. पण सही करायला हयात व हजर माणसे चारच उरली असतील, तर निर्णय खरोखर किती जण घेतात, हा प्रश्न उरतोच.

१२/
तुकडा दुसरा : पैसा कोठे जातो आणि त्याची नोंद कशी होते?
न्यासाने दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचे पत्रक मागितल्यावर जी संस्था ते हसतमुखाने दाखवते, तिच्याशी पुढचे बोलणे सोपे जाते. पत्रकात एकच गोष्ट आधी पाहावी. एखाद्या ठरावीक कामासाठी, समजा 'उत्तर बुरूज' म्हणून घेतलेला पैसा वेगळ्या निधीत दाखवला आहे, की सर्व देणग्या एकाच ओळीत ओतल्या आहेत? ओतल्या असतील, तर बुरुजासाठी दिलेला रुपया बुरुजावर लागला की फलकावर, हे खुद्द संस्थेलाही सांगता येणार नाही.

१३/
प्रवास, भोजन, हत्यारे यांवरचा खर्च पाहून नाक मुरडू नये. पन्नास माणसे गडावर न्यायची तर गाडी लागते, पिठले-भाकरी लागते, घमेली-पहारी लागतात. उलट हे खर्च शून्य दाखवणाऱ्या पत्रकानेच मनात शंका यावी.

करसवलतीचेही असेच. ८०जी या नावाने ओळखली जाणारी मान्यता असलेली संस्था देणगीदाराचा तपशील आयकर खात्याला कळवते आणि प्रमाणपत्र देते. २,००० रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही. पण ही मान्यता नसणे म्हणजे लबाडी नव्हे, आणि ती असणे म्हणजे कामाच्या दर्जाची हमीही नव्हे. आयकर खाते दरजा तपासायला बुरुजावर चढत नाही.

१४/
तुकडा तिसरा : गड कोणाचा?
हा प्रश्न देणगीदार जवळजवळ कधीच विचारत नाहीत. काही किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. त्यांना १९५८चा केंद्रीय कायदा लागू होतो. काही राज्य संरक्षित आहेत. त्यांना १९६०चा महाराष्ट्राचा कायदा. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांतही ही विभागणी आहे. रायगड केंद्राकडे, राजगड राज्याकडे. याशिवाय शेकडो किल्ले कोणत्याच यादीत नाहीत. कित्येकांची जमीन वनखात्याची आहे, काहींची खासगी. संरक्षित वास्तूचा चिरा पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय हलवता येत नाही, मग हेतू कितीही पवित्र असो.

१५/
हा गड राज्य संरक्षित होता. नातीने परवानगीपत्र मागितले आणि काकांनी ते लगेच पाठवले. शिक्का होता, सही होती, जावक क्रमांक होता. बाह्य परीक्षणात पत्र पूर्ण उतरले. मग तिने ते वाचले. परवानगी 'परिसर स्वच्छता व झाडेझुडपे काढणे' एवढ्यापुरती होती आणि तिची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली होती. बुरुजाच्या बांधकामाचा, टाक्यातील गाळाचा त्यात शब्दही नव्हता. पत्र अस्सल होते, पण त्याच्या आधारे चालू असलेले काम त्या पत्रात नव्हते.

१६/
तुकडा चौथा : काम कसे होते?
येथे शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही; 'आधी' आणि 'नंतर'ची छायाचित्रे मोठी करून पाहिली तरी पुष्कळ कळते. बुरुजाच्या एका भागातील दरजा नव्याने भरलेल्या होत्या. रेषा करड्या, गुळगुळीत, धारदार. तो चुना नव्हता, सिमेंट होते.

सिमेंट दगडी बांधकामाला घातक का? कारण ते टणक असते आणि ओल बाहेर पडू देत नाही. चुन्याची दरज मऊ व सच्छिद्र. भिंतीत मुरलेले पावसाचे पाणी तिच्यातून वाफ होऊन निघून जाते. दरज सिमेंटने बंद केली की ते पाणी दगडातून वाट काढते, बरोबर क्षार आणते आणि चिऱ्याचा दर्शनी पापुद्रा सुटू लागतो. पाच-दहा पावसाळ्यांनी सिमेंट जागेवर असते आणि दगड गेलेला असतो.

१७/
आश्विनात पाऊस ओसरल्यावर ती स्वतः गडावर गेली. दरवाज्याच्या आत चुन्याची घाणी होती, वर्तुळाकार दगडी चर आणि मधोमध कलंडलेले जड चाक. याच घाणीत बैल जुंपून चुना, वाळू आणि विटांची सुरखी मळली जात असे. संस्थेच्या मुलांनी ती झाडून लख्ख केली होती, शेजारी सुबक फलक लावला होता. त्या फलकापासून दहा पावलांवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पडल्या होत्या.

१८/
वरच्या टाक्याचा गाळ उपसलेला होता. पाणी नितळ होते, आणि रविवारी येणारी मुले त्याच्याकडे अभिमानाने बोट दाखवत होती. काठावर गाळाचा ढीग सुकून पडला होता. त्यात खापरांचे तुकडे होते, बांगडीची काच होती. टाक्यातला गाळ थराथरांनी साचतो. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना. कोणत्या थरात काय सापडले, यावरून टाके कधी वापरात होते आणि कधी ओस पडले, हे सांगता येते. फावड्याने एकदा ढीग केला की खापरे उरतात, त्यांचा क्रम उरत नाही. पानांचा क्रम गेलेल्या पोथीचेही असेच होते.

१९/
काका बुरुजाखाली चिरे रचत होते. हाताला फोड आले होते. तिने हळूहळू एकेक गोष्ट विचारली, खात्याची, पत्राची, सिमेंटची, गाळात सापडलेल्या वस्तूंची. काकांनी काही लपवले नाही. संस्थेच्या खात्यातून पैसे काढायला दोन सह्या लागतात आणि दुसरी सही करणारा मुंबईत असतो, म्हणून क्यूआर स्वतःचा. दोन तोफगोळे आणि काही नाणी घरच्या कपाटात जपून ठेवलेली, कारण गडावर ठेवली तर चोरीला जातील. खात्याला बुरुजाचा प्रस्ताव तीन वर्षांपूर्वी दिला होता. उत्तर आले नाही. "आणि बुरूज वाट बघत नाही, पोरी."

२०/
मग ते थोडे थांबले आणि म्हणाले, "गुरुजींनी आम्हाला कधी हिशेब विचारला नसता."
तिच्याजवळ यावर उत्तर नव्हते. समोरचा माणूस अकरा वर्षे राबला होता. ती एका रविवारी येऊन प्रश्न विचारत होती. ज्या गडावर खात्याचा माणूस वर्षानुवर्षे फिरकत नाही, तेथे पावसाळ्यात उगवलेले पिंपळ उपटायला हीच मुले येतात. त्यांना कायद्याची कलमे ऐकवणे सोपे आहे. ती काही न बोलता गड उतरली.

२१/
उतरताना तिला सभासद आठवला. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७च्या सुमारास जिंजीला लिहिलेल्या बखरीत शिवकाळातील गडाच्या कारभाराची रीत दिली आहे. गडावर हवालदार, सरनौबत आणि सबनीस असे तीन अधिकारी, तिघांनी मिळून कारभार करायचा. धान्य, दारूगोळा व सामानासाठी कारखानीस वेगळा. याचा अर्थ महाराजांचा हवालदारावर विश्वास नव्हता, असा नव्हे. जीव देईल अशाच माणसाच्या हाती गड दिला जाई. पण तोच गड एकट्याच्या हाती मात्र दिला जात नसे. विश्वास आणि तपासणी त्या व्यवस्थेत एकमेकींच्या विरोधात नव्हत्या, एकाच जोत्यावर उभ्या होत्या.

२२/
घरी आल्यावर आजीने विचारले, "काय झाले?" नातीने सगळे सांगितले, शेवटचे वाक्यसुद्धा. आजी उठली आणि तिने पलंगाखालची लोखंडी ट्रंक ओढली. आत आजोबांच्या सहलींच्या वह्या होत्या. १९८९ची रायगडाची वही काढून तिने नातीच्या हाती दिली. एसटीची अर्धी तिकिटे किती, ज्वारीचे पीठ किती, रॉकेल किती, पायथ्याच्या घरी दिलेले पैसे किती, सारे ओळीने मांडलेले. शेवटी शिल्लक, आणि ती मुलांमध्ये कशी वाटली याची नोंद. प्रत्येक पानाच्या तळाशी 'तपासले' असे लिहून दोन मुलांच्या सह्या. मास्तर हिशेब लिहीत आणि सातवीची मुले तो तपासत.

२३/
त्या दोन सह्यांतली एक काकांची होती. वळणदार, शाळकरी, आडनावाखाली रेघ मारलेली.

पुढच्या रविवारी तिने ती वही गडावर नेली आणि काही न बोलता त्यांच्या पुढ्यात ठेवली. काकांनी हात पँटला पुसले. पाने उलटली. बराच वेळ ते त्या सहीकडे पाहत राहिले. "माझी बेरीज दोनदा चुकली होती," ते म्हणाले, "गुरुजींनी परत करायला लावली."

२४/
गोष्ट येथे गोड करून संपवता येईल, पण ती तशी संपली नाही. क्यूआर कोड बदलून संस्थेच्या खात्याचा झाला. चेंज रिपोर्ट दाखल झाला. तोफगोळे आणि नाणी यादी करून खात्याच्या स्वाधीन करण्याचे ठरले. पण सिमेंट चुकीचे होते, हे मान्य करायला काका तयार झाले नाहीत. त्यांच्या मते पडलेल्या बुरुजापेक्षा सिमेंटचा बुरूज बरा. आणि भरलेले सिमेंट आता खरवडून काढायचे तर दगडाच्या कडा तुटण्याची भीती, म्हणून जाणकाराने पाहिल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. उपसलेल्या टाक्याचे तर काहीच करता येण्याजोगे नाही.

२५/
५१,००० रुपयांचे काय झाले? १५,००० रुपये धनादेशाने संस्थेच्या खात्यात गेले. सोबत पत्र होते : ही रक्कम केवळ बुरुजाच्या मोजमापाच्या आराखड्यांसाठी आणि संवर्धन-वास्तुविशारदाकडून तयार होणाऱ्या प्रस्तावासाठी आहे, खर्चाची बिले दाखवावीत. कारण परवानगी मिळवण्यासाठी लागणारे हे काम कोणत्याही आवाहनाच्या चित्रात येत नाही आणि त्याला पैसे द्यायला सहसा कोणी पुढे येत नाही. उरलेले ३६,००० रुपये आजीच्या नावे मुदतठेवीत आहेत. लेखी परवानगी आली आणि काम चुन्यात होणार असेल, तर ते बुरुजाला लागतील.

२६/
ज्यांच्या फोनवर असे आवाहन येते, त्यांच्यासाठी या हकीकतीचे सार :
• पैसे कोणाच्या नावावर जात आहेत? संस्थेच्या की व्यक्तीच्या?
• नोंदणी क्रमांक धर्मादाय कार्यालयात सापडतो का? विश्वस्त हयात आणि हजर आहेत का?
• मागील वर्षाचा तपासलेला हिशेब दाखवतात का? ठरावीक कामाचा निधी वेगळा ठेवतात का?
• गड कोणाच्या ताब्यात आहे, आणि परवानगीपत्रात नेमके कोणते काम, कोणत्या मुदतीपर्यंत लिहिले आहे?
• चुना की सिमेंट? गाळ काढताना नोंद कोण ठेवतो? सापडलेल्या वस्तू कोठे आहेत?
• 'चूक झाली' असे संस्थेने कधी जाहीरपणे सांगितले आहे का?

२७/
अनुयायांची संख्या, नामवंतांसोबतची छायाचित्रे, पुरस्कार, संस्थेच्या नावातले महाराजांचे नाव, डोळ्यांत पाणी आणणारे संगीत : यांपैकी काहीही वरच्या एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. आणि 'आजच द्या, उद्या उशीर होईल' हे वाक्य खरे असले तरी एका दिवसाच्या चौकशीने कोणताही बुरूज पडत नाही.

संस्थेविषयी खात्री होत नसेल तर देणे थांबवावे लागत नाही. केंद्र सरकारने १९९६ साली राष्ट्रीय संस्कृती निधी स्थापन केला आहे. देणगीदाराला तेथे ठरावीक वास्तूसाठी पैसे देण्याची सोय आहे. राज्य संरक्षित वास्तू संगोपनासाठी घेण्याची महाराष्ट्र शासनाची योजना २००७ पासून आहे. अर्थात सरकारी निधीलाही हेच प्रश्न विचारावेत.

२८/
पौषात वर्षश्राद्ध झाले. जेवणावळ झाली नाही. त्या दिवशी संध्याकाळी काका घरी आले, आजीच्या पाया पडले आणि खिशातून एक कागद काढला. १५,००० रुपयांची पावती होती. क्रमांक, तारीख, 'मोजमाप आराखडा व प्रस्ताव' असा हाताने लिहिलेला उद्देश आणि खाली दोन सह्या. मुंबईचा दुसरा विश्वस्त त्यासाठी रात्रीच्या गाडीने आला होता.

आजीने चष्मा लावून पावती वरपासून खालपर्यंत वाचली. रक्कम अंकी आणि अक्षरी एकच आहे ना, हे पाहिले. मग ती १९८९च्या वहीत ठेवली आणि ट्रंक पुन्हा पलंगाखाली सरकवली. "बसा," ती काकांना म्हणाली, "चहा टाकते."